हिरोज ३ चा मॅप: सगळ्यांना सारखं दिलं तरी दर वेळी एकच कोपरा जिंकतो, काय तपासायचं

हिरोज ऑफ माईट अँड मॅजिक ३ या आळीपाळीने चाली करायच्या कॉम्प्युटर गेमसाठी स्वतःचा मॅप बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा प्रॉब्लेम कधी ना कधी येतोच, आणि वैताग असा की एका मॅपमध्ये सुटला तरी पुढच्या मॅपमध्ये परत डोकं वर काढतो. लक्षणं साधारण अशी. चार प्लेयरचा मॅप, एल साईज म्हणजे १०८ बाय १०८, अंडरग्राउंड नाही. चार कोपऱ्यांत चार टाऊन, म्हणजे प्रत्येकाचं शहर, जिथे बिल्डिंग बांधायच्या आणि क्रीचर म्हणजे सैनिक घ्यायचे. प्रत्येकाला एक सॉमिल (लाकूड), एक ओर पिट (खनिज), महागड्या चारही रिसोर्सची (मर्क्युरी, सल्फर, क्रिस्टल, जेम्स) एकेक माईन, एक गोल्ड माईन, आणि मधोमध एक ड्रॅगन युटोपिया, म्हणजे ड्रॅगननी राखलेला मोठा खजिना. कागदावर एकदम समान वाटणी. पण खेळायला बसलं की तिसऱ्या आठवड्यात वरच्या डाव्या कोपऱ्यातला लाल रंगाचा प्लेयर दुसऱ्याच्या दारात उभा असतो आणि खालचा हिरवा अजून स्वतःच्या गोल्ड माईनच्या गार्डशीच (माईन राखणाऱ्या मॉन्स्टरशीच) झुंजत असतो.

यावर बहुतेक जण पहिला उपाय करतात तो म्हणजे हिरव्याला अजून एक गोल्ड माईन. काही फरक पडत नाही. मग दोन ट्रेझर चेस्ट, मग एक आर्टिफॅक्ट, मग बाहेर एक ड्वेलिंग (क्रीचर मिळतात ती जागा), आणि मग एके दिवशी हिरवा अचानक असा सुटतो की आता लालला काहीतरी द्यावं लागतं. असं देत देत मॅप खजिन्याने गच्च भरतो आणि बॅलन्स मात्र होता तिथेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की या गेममध्ये कोपरा हरतो तो बहुतेक वेळा दिवसांमुळे हरतो, सोन्यामुळे नाही. टाऊनमध्ये दिवसाला एकच बिल्डिंग होते, क्रीचर आठवड्यातून एकदाच येतात, त्यामुळे जास्तीचं सोनं एका मर्यादेनंतर नुसतं पडून राहतं. पण जो गडी माईनवर दोन दिवस आधी पोचला त्याचे ते दोन दिवस कोणी परत घेऊ शकत नाही. म्हणून आधी दिवस मोजा, सोन्याला शेवटी हात लावा.

खालचं सगळं १९९९ चा मूळ गेम आणि २००० सालचं शॅडो ऑफ डेथ हे एक्सपान्शन यांचा मॅप एडिटर धरून लिहिलंय. हॉर्न ऑफ द अॅबिस हे चाहत्यांनी बनवलेलं एक्सपान्शन वापरत असाल तर बराचसा भाग तसाच लागू आहे, पण तिथे काही आकडे बदललेत आणि १४४ पेक्षा मोठे मॅपही करता येतात. २०१५ च्या एचडी एडिशनमध्ये एक्सपान्शन नाहीत, तिथे शॅडो ऑफ डेथ फॉरमॅटचा मॅप उघडणारच नाही, त्यामुळे ज्याच्याबरोबर खेळायचं त्याच्याकडे काय आहे ते मॅप बनवायच्या आधी विचारून घ्या.

दोष नक्की कोणाचा ते आधी ठरवा

"लाल जिंकतो" यात तीन गोष्टी एकत्र गुंडाळलेल्या असतात: लाल कोपरा, लालचं टाऊन आणि लाल रंगाने खेळणारा माणूस. या सुट्या केल्याशिवाय एडिटर उघडू नका. सगळ्यात सोपं म्हणजे मॅपची एक कॉपी करून चारही टाऊन कॅसल करून टाका (कॅसल, रॅम्पार्ट, टॉवर, फोर्ट्रेस वगैरे टाऊनचे प्रकार आहेत, प्रत्येकाचे क्रीचर आणि घरची जमीन वेगळी) आणि माणसं कोपरे बदलून बसवा. तरीही तोच कोपरा पुढे गेला तर मॅपच वाकडा आहे. आता खेळ बरोबरीचा झाला तर मूळ मॅपमध्ये टाऊन आणि जमीन यांची जोडी चुकलीये. आणि विजय माणसाबरोबर फिरत राहिला तर मॅपमध्ये काहीही बिघडलेलं नाही, तुमचा तो मित्र चांगला खेळतो, त्याला शिव्या घाला आणि मॅप आहे तसा ठेवा.

या टेस्टमध्ये नशीबही बाजूला काढायला लागतं. रँडम आर्टिफॅक्ट, रँडम मॉन्स्टर, रँडम टाऊन असं जे जे असेल ते टेस्टच्या कॉपीत पक्कं करून टाका. रँडम रेलिक (सगळ्यात वरच्या दर्जाचं आर्टिफॅक्ट) म्हणजे शुद्ध लॉटरी, एकाला काहीतरी बिनकामाचं मिळतं आणि दुसऱ्याला एंजल विंग्ज, म्हणजे हिरोला उडवणारे पंख, मग तुम्ही तासभर गार्डचे आकडे बदलत बसता आणि खरं कारण ते पंख असतात. मेज गिल्डचंही (टाऊनमधली स्पेल शिकायची बिल्डिंग) तेच, टाऊनच्या प्रॉपर्टीजमध्ये कुठले स्पेल हवेतच आणि कुठले येऊ शकतात हे ठरवता येतं, टेस्टपुरते चौघांना सारखे द्या.

चालण्याचा हिशोब

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण इथेच बहुतेक मॅप फसतात.

हिरोला, म्हणजे सैन्य घेऊन मॅपवर फिरणाऱ्या सरदाराला, दिवसाला साधारण १५०० ते २००० मूव्हमेंट पॉइंट मिळतात, आणि किती मिळणार ते त्याच्या सैन्यातल्या सगळ्यात हळू क्रीचरच्या स्पीडवर ठरतं. स्पीड ३ असेल तर १५००, ११ किंवा जास्त असेल तर २०००. पाईकमन घेऊन फिरणारा हिरो स्पीड ४ चा, म्हणजे १५६०. आता जमीन बघा. गवत, माती, लाव्हा यांवर एका टाइलला (मॅपचा एक चौकोन) १०० पॉइंट. रफ म्हणजे खडकाळ जमिनीवर १२५. वाळू आणि बर्फ १५०. दलदल १७५. तिरकं चाललं की याच्या १.४१ पट.

म्हणजे तोच १५६० वाला हिरो गवतावर सरळ १५ टाइल जातो, तिरका गेला तर ११. बर्फात सरळ १०. दलदलीत ८. एडिटरमध्ये वरून बघताना टाऊनपासून गोल्ड माईन दोघांनाही २० टाइलवर दिसते, पण एकाला ती दुसऱ्या दिवशी मिळते आणि दुसऱ्याला तिसऱ्या दिवशी, त्यात वाट झाडांमधून वळणं घेत तिरकी तिरकी जात असेल तर चौथ्या. सुंदर दिसावं म्हणून आपण वाटा नागमोडी करतो आणि एका कोपऱ्यात हात जरा जास्तच मोकळा सुटतो. नागमोडी वाट छान दिसते हे मान्य, पण मग ती चौघांनाही नागमोडी हवी.

यावर लगेच कोणीतरी म्हणेल की फोर्ट्रेस हे दलदलीचंच टाऊन, त्याला दलदलीची पेनल्टी, म्हणजे जास्तीचे पॉइंट, लागतच नाही. बरोबर, पण अट आहे: सैन्यातलं प्रत्येक क्रीचर त्या जमिनीचं असलं पाहिजे. एक जरी परका घुसला, रस्त्यात कोणी येऊन मिळाला किंवा बाहेरच्या ड्वेलिंगमधून चार पोरं उचलली, की पेनल्टी चालू. आणि खरा घोळ टॅव्हर्नमध्ये, म्हणजे नवे हिरो मिळतात तिथे, होतो. पहिल्या आठवड्यात २५०० सोनं देऊन दुसरा हिरो सगळेच घेतात, टॅव्हर्नमध्ये दोन हिरो दिसतात, त्यातला एक सहसा आपल्या टाऊनचा असतो आणि दुसरा परका. गवताच्या कोपऱ्यात परका हिरोही धावतो. दलदलीच्या कोपऱ्यात तो स्वतःचं सैन्य घेऊन १७५ च्या भावाने रांगतो, आणि रिसोर्स गोळा करायला, मागून सैन्य आणून द्यायला हेच दुसरे तिसरे हिरो लागतात. त्यामुळे मुख्य हिरोच्या चालीवरून फोर्ट्रेस ठीक वाटतं आणि तरीही पूर्ण कोपरा दोन दिवस मागे असतो. टॉवरच्या बर्फातही हेच, थोडं कमी.

उपाय म्हणजे रस्ता. मातीचा रस्ता ७५, खडीचा ६५, फरसबंदी ५०, आणि रस्त्यावर असताना खालची जमीन कुठली याला काही किंमत नाही. म्हणजे १५६० मध्ये फरसबंदीवर ३१ टाइल. दलदलीच्या टाऊनपासून सॉमिल, ओर पिट आणि बाहेर पडायच्या वाटेपर्यंत खडीचा रस्ता टाका, गवताच्या टाऊनला मातीचा ठेवा किंवा ठेवूच नका. दोन जुडी लाकूड जास्त देण्यापेक्षा याचा दहापट उपयोग होतो. रस्ता काढल्यावर झूम करून तो सगळीकडे सलग आहे ना ते बघा, मधे एक टाइल सुटली तर तिथे जमिनीचा पूर्ण भाव लागतो.

मोजायची पद्धत एकदम गावठी आहे पण चालते. मॅपच्या कॉपीतून सगळे गार्ड काढून टाका, हॉटसीट (एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळणं) लावून चारही रंग स्वतः घ्या, प्रत्येकाचा सुरुवातीचा हिरो घेऊन एकेका ठिकाणी चालत जा आणि कागदावर दिवस लिहा: सॉमिल, ओर पिट, सातव्या लेव्हलच्या क्रीचरला लागणाऱ्या रिसोर्सची माईन, गोल्ड माईन, हद्दीवरची खिंड, युटोपिया, शेजाऱ्याचं टाऊन. मग हेच टॅव्हर्नच्या परक्या हिरोला घेऊन. चार रकाने शेजारी ठेवले की वाकडा कोपरा आपोआप दिसतो. लाकूड आणि ओर पहिल्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मिळायला हवं, तिथे एका दिवसाचा फरक पण खपत नाही कारण सुरुवातीच्या बऱ्याच बिल्डिंग त्याच्यावर अडतात. हद्दीच्या खिंडीला एक दिवस इकडेतिकडे चालेल. शेजाऱ्याच्या टाऊनपर्यंतच्या अंतरात दोन दिवसांचा फरक निघाला तर बाकी काही बघायची गरज नाही, रोग सापडला.

मधल्या भागाच्या जमिनीचंही बघा. गवत सगळ्यांना १०० च आहे म्हणून ते निष्पक्ष वाटतं, पण स्वतःच्या जमिनीवर लढणाऱ्या क्रीचरला अटॅक, डिफेन्स आणि स्पीडमध्ये प्रत्येकी एक जास्त मिळतो. मधे गवत ठेवलं म्हणजे युटोपियासमोरची प्रत्येक लढाई कॅसल आणि रॅम्पार्ट घरच्या मैदानावर खेळतात. स्पीडचा तो एक पॉइंट किती महाग पडतो हे ज्याच्यावर पहिली चाल गेली नाही म्हणून आर्मी गमवायची वेळ आलीये त्याला विचारा. मॅपवर नेक्रोपोलिस नसेल तर मधे माती टाका, इन्फर्नो नसेल तर लाव्हा. दोन्ही १०० चेच, आणि कोणाच्याच घरचे नाहीत.

गार्ड जिवंत आहे तरी शत्रू आत आला

हा वेगळा रोग आहे पण लक्षण तेच, एक कोपरा लवकर मरतो. खिंडीवर तगडा गार्ड ठेवलाय, तो तिथेच उभा आहे, आणि शत्रू मात्र आपल्या सॉमिलवर झेंडा लावतोय.

नव्वद टक्के वेळा कारण तिरकी फट असतं. दोन अडथळे फक्त कोपऱ्याला कोपरा लावून असतील तर हिरो त्यांच्या मधून तिरका सटकतो, आणि झाडांची चित्रं एकमेकांवर चढलेली असल्याने आपल्याला ती फट दिसतच नाही. घनदाट जंगल दिसतं आणि त्यातून हमरस्ता गेलेला असतो. एडिटरच्या व्ह्यू मेनूतून पॅसेबिलिटी चालू करा आणि प्रत्येक हद्द बोटाने फिरवत बघा. चित्रावर विश्वास ठेवू नका, ग्रिडवर ठेवा. हद्दीची भिंत एक टाइल जाडीची करूच नका, दोन टाइल ठेवली की हा प्रश्न बराचसा मिटतो.

दुसरं कारण गार्डचा पल्ला. मॉन्स्टर स्वतःच्या आजूबाजूच्या आठ टाइल अडवतो, बस. तीन टाइल रुंद वाटेत मधोमध उभा केला तर वाट बंद. चार टाइल रुंद असेल तर एका कडेने मोकळं. आणि माईनच्या शेजारी नुसता ठेवलेला गार्ड बघून घ्या की माईनच्या आत शिरायची टाइल त्याच्या आठात येते का, नसेल तर तो शोभेचा आहे.

तिसरं, स्पेल. डायमेन्शन डोअर आणि फ्लाय पाचव्या लेव्हलचे, टाऊन पोर्टल (हिरो थेट आपल्या टाऊनमध्ये पोचतो) चौथ्या. यांच्यापुढे तुमची भिंत आणि गार्ड दोन्ही निरुपयोगी. छोट्या मॅपवर पहिले दोन मॅप स्पेसिफिकेशन्समध्ये जाऊन सरळ बंद करा, ही सोय शॅडो ऑफ डेथ फॉरमॅटमध्ये आहे. एंजल विंग्ज पण तिथेच आर्टिफॅक्टच्या टॅबमध्ये बंद करायला विसरू नका, नाहीतर स्पेल बंद करून उडणारा हिरो राहिलाच. टाऊन पोर्टल मी चालू ठेवतो, पण मग रिकामी न्यूट्रल टाऊन प्रत्येकाच्या वाट्याला सारखीच यायला हवीत, कारण ज्याच्याकडे दोन टाऊन जास्त त्याच्याकडे दोन दरवाजे जास्त. तळं हद्द म्हणून वापरलं असेल तर जवळ शिपयार्ड नाही ना आणि समन बोट, वॉटर वॉक काय करतील तेही बघा.

चौथं फक्त अंडरग्राउंड असलेल्या मॅपसाठी. सबटेरेनियन गेटची (वरून खाली जायच्या दारांची) जोडी तुम्ही ठरवत नाही, गेम वरच्या गेटला खालच्या जवळच्या गेटशी जोडतो. दोन गेट जवळजवळ ठेवली किंवा खालचं गेट चार टाइल सरकवलं की जोड्या बदलतात आणि हिरवा खाली उतरून निळ्याच्या अंगणात निघतो. वरचं आणि खालचं गेट शक्यतो एकाच जागी ठेवा. नेमकी जोडी हवी असेल तर मोनोलिथ (टेलिपोर्ट करणारे खांब) वापरा, त्यांच्या जोड्या प्रकाराप्रमाणे पक्क्या असतात.

गार्डचे आकडे

समान अंतर, गळती बंद, तरी एक कोपरा मागे. आता गार्ड बघा. एडिटरमध्ये संख्या रँडम सोडली असेल तर ती आधी पक्की करा.

मग हे लक्षात घ्या की न्यूट्रल स्टॅक दर आठवड्याला १० टक्के वाढतो, आणि वाढीवर वाढ होते. ४० चा गार्ड चार आठवड्यांनी ५८ च्या घरात आणि आठ आठवड्यांनी ८५ च्या. म्हणजे जो कोपरा मुळात लांब आहे, उशिरा पोचतो, त्याला गार्डही मोठा भेटतो. उशीर झाला म्हणून गार्ड मोठा, गार्ड मोठा म्हणून अजून उशीर. दोन दिवसांचा फरक महिनाअखेरीस दहा दिवसांचा होतो तो असा. प्रॉपर्टीजमध्ये स्टॅक वाढू नये यासाठी चेकबॉक्स आहे, सुरुवातीच्या माईनच्या गार्डना तो लावा. मधल्या युटोपियाच्या वाटेवरच्यांना वाढू द्या, तिथे उशीर करणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी.

मग स्वभाव. कम्प्लायंटपासून सॅव्हेजपर्यंत पाच पायऱ्या आहेत. कम्प्लायंट येऊनच मिळतो, सॅव्हेज कधीच मिळत नाही, मधले तुमच्या सैन्याची ताकद, हिरोचं डिप्लोमसी स्किल आणि त्याच जातीचे क्रीचर तुमच्याकडे आहेत का यावर ठरतात. आता हद्दीवर तुम्ही क्रूसेडर ठेवलेत आणि तिकडून कॅसलवाला आला, तर गार्डला मारण्याऐवजी गार्डच घेऊन पुढे जाईल अशी शक्यता आहे, आणि टॉवरवाल्याला तीच लढाई रक्त सांडून करावी लागेल. महत्त्वाच्या खिंडीवर सॅव्हेज लावा आणि शक्यतो चौघांपैकी कोणाच्याच टाऊनचे नसतील असे क्रीचर घ्या.

संख्या सारखी म्हणजे गार्ड सारखा असंही नाही. शूटरवाला गार्ड आणि पायी चालणारा गार्ड हे सुरुवातीच्या छोट्या सैन्यासाठी दोन वेगळे प्रश्न आहेत. झॉम्बीचा मोठा घोळका कॅसलचे आर्चर लांबूनच संपवतात, काही नुकसान नाही. तोच घोळका फोर्ट्रेसच्या नोल लोकांपुढे ठेवला तर हातघाई. म्हणून चौघांसमोर एकच क्रीचर ठेवण्यापेक्षा प्रत्येकाचं पहिल्या आठवड्याचं सैन्य घेऊन प्रत्यक्ष लढून बघा आणि किती मेले ते मोजा. मेलेले सारखे यायला हवेत. गार्डचा आकडा सारखा दिसला नाही तरी चालेल.

आता सोनं आणि रिसोर्स

इथपर्यंत आल्यावर, आधी नाही.

माईनची संख्या सारखी ठेवणं पुरत नाही कारण टाऊनची भूक वेगवेगळी आहे, खासकरून सातव्या लेव्हलच्या क्रीचरसाठी. कॅसलला एका आर्चएंजलसाठी ५००० सोनं आणि ३ जेम्स, टॉवरला टायटनसाठी ५००० आणि २ जेम्स. डन्जनला ब्लॅक ड्रॅगनसाठी ४००० आणि २ सल्फर. स्ट्राँगहोल्डच्या साध्या बेहेमोथला नुसतं १५०० सोनं, एनशंट केला तरच ३००० आणि १ क्रिस्टल. वर कॅसलचं पोर्टल ऑफ ग्लोरी (एंजल मिळतात ती बिल्डिंग) उभं करायलाच २०००० सोनं आणि चारही महागडे रिसोर्स दहा दहा. म्हणजे जेम माईन कॅसलला तीन दिवस लांब आणि क्रिस्टल माईन स्ट्राँगहोल्डला तीन दिवस लांब, हे समान अजिबात नाही. रिसोर्स सायलो या टाऊनमधल्या बिल्डिंगकडेही बघा: टॉवरला सायलोतून रोज एक जेम मिळतो, कॅसलला लाकूड आणि ओर. त्यामुळे जेम माईनची जास्त गरज कॅसलला आहे, टॉवर थोडा धीर धरू शकतो.

गोल्ड माईन देताना हात आखडता घ्या. एक माईन दिवसाला १०००, आठवड्याला ७०००. टाऊन हॉल १००० देतो, सिटी हॉल २०००, कॅपिटॉल ४००० आणि कॅपिटॉल प्रत्येक प्लेयरला एकच. म्हणजे सुरुवातीच्या आठवड्यात जास्तीची गोल्ड माईन दिली तर त्याला जवळजवळ दुसरं टाऊन दिल्यासारखं आहे. एखाद्या कोपऱ्याला थोडंच वर उचलायचं असेल तर जमिनीवर पडलेल्या लाकूड ओरच्या ढिगाऱ्या बऱ्या, त्या एकदाच मिळतात आणि पहिल्या आठवड्यातच उपयोगी पडतात, दुसऱ्या महिन्यात त्यांच्यामुळे काही बिघडत नाही.

टेस्ट कुठल्या डिफिकल्टीवर करताय तेही ठरवून घ्या. इझीवर माणसाला सुरुवातीला ३०००० सोनं मिळतं, हार्डवर १५०००, एक्सपर्टवर १००००, इम्पॉसिबलवर शून्य. इझीवर सगळे मॅप बॅलन्स वाटतात.

नेक्रो आणि कॉनफ्लक्स

नेक्रोपोलिस आणि कॉनफ्लक्स या दोन टाऊनचा इलाज मॅपमध्ये पूर्ण होत नाही. नेक्रोपोलिसच्या हिरोला नेक्रोमन्सी स्किलमुळे प्रत्येक लढाईतून स्केलेटन मिळतात, म्हणजे जितके गार्ड जास्त तितकं नेक्रोपोलिस जड, आणि आपले मॅप गार्डनी भरलेले असतात. व्हॅम्पायर्स काऊल, अॅम्युलेट ऑफ द अंडरटेकर आणि डेड मॅन्स बूट्स हे तीन आर्टिफॅक्ट बंद करा, त्यातून तो क्लोक ऑफ द अनडेड किंग जमतो आणि तो जमला की खेळ संपला. कॉनफ्लक्स मी प्लेयर स्पेसिफिकेशन्समध्ये टिकच करत नाही. भांडायला येणाऱ्याने खुशाल यावं.

कॉम्प्युटर जागचा हलत नाही

एकट्याने खेळायच्या मॅपवर हा प्रश्न असतो. बहुतेकदा त्याच्या सगळ्या वाटांवर त्याच्या ताकदीबाहेरचे गार्ड असतात, माणूस डोकं लढवून, स्पेल वापरून ते मारतो, एआय दाराशी बसून राहतो. त्याच्या बाजूचे गार्ड कमी करा, त्याच्या लाकूड ओरच्या माईन उघड्या सोडा, बाहेर पडायची वाट कीमास्टर टेंट किंवा क्वेस्ट गार्डवर (आधी दुसरीकडे जाऊन काहीतरी करायला लावणारे अडथळे) अडकवू नका. प्लेयरच्या सेटिंगमध्ये एआयचा स्वभाव वॉरियर, बिल्डर किंवा एक्सप्लोरर ठरवता येतो. आणि खास विजयाची अट ठेवली असेल तर ती कॉम्प्युटरलाही लागू आहे का त्या टिककडे बघा, नाहीतर एक दिवस तो कोपऱ्यात बसून गुपचूप जिंकून जाईल.

सगळं केलं तरी लाल थोडासा पुढेच

असेल. चाली लालपासून सुरू होतात, मग निळा, टॅन, हिरवा, केशरी, जांभळा, टील, गुलाबी. मधल्या युटोपियावर लाल आणि हिरवा एकाच दिवशी पोचणार असतील तर दर वेळी लालच आधी शिरणार, अंतर कितीही तंतोतंत मोजा. म्हणून मधल्या बक्षिसापासून लालला हिरव्यापेक्षा दोन चार टाइल लांब ठेवा, इतकी की लालचे त्या दिवसाचे पॉइंट दारापाशी येऊन संपावेत. किंवा मधे एकच मोठं बक्षीस ठेवण्याऐवजी दोन मध्यम ठेवा, एक लाल आणि निळ्याच्या मधे, दुसरं टॅन आणि हिरव्याच्या मधे. मला दुसरा पर्याय जास्त आवडतो कारण त्यात चौघे एकाच जागी येऊन आदळत नाहीत, पण मग त्या दोन जोड्यांमध्येही तोच प्रश्न छोट्या प्रमाणात राहतो, निळा लालच्या मागे आणि हिरवा टॅनच्या मागे, तेव्हा तिथेही टाइल मोजून द्याव्या लागतील.